मांजरीच्या गाळाचे वय

हाड सापडले त्या रविवारी आम्ही दहाबारा जण मांजरीच्या साइटवर उभे होतो. फ्लॅट बुक केलेल्या माणसांची ही एक रीतच होती. रविवारी सकाळी उठायचे, डबा घ्यायचा आणि आपले घर कुठवर आले ते बघायला जायचे. घर म्हणजे तेव्हा फक्त खड्डा होता. तरी आम्ही त्याच्या काठावर उभे राहून "इथे आपला हॉल" असे एकमेकांना दाखवत असू. हडपसरच्या बाजूला संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती उठू लागल्या होत्या, आणि ऊस उभा असलेल्या जमिनींनाही अचानक सोसायट्यांची नावे मिळत होती.

मी सरकारी हिशेब तपासणीच्या खात्यात होतो. बिबवेवाडीत भाड्याने राहत होतो, आणि मांजरीचा फ्लॅट मी मुद्दाम तळमजल्याचा घेतला होता. तो आईसाठी. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. भाड्याच्या घरी आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर पौर्णिमेला तिच्या बरोबरीच्या बायका बुद्धवंदनेला जमत. पूर्वी त्या आमच्याकडे येत, मग त्यांचेही पाय कुरकुरू लागले आणि येणे बंद झाले. आईला फक्त एक दार हवे होते, जमिनीला लागून असलेले, जे दिवसभर उघडे राहील. एवढीच तिची मागणी.

हाड खड्ड्याच्या तळाशी, गोट्यांच्या आणि वाळूच्या थरात होते. कुदळीने एक टोक तुटले होते. हातभर लांब आणि दगडासारखे जड. कुणीतरी म्हणाले, हत्तीचे. एक संगणकवाला तरुण म्हणाला, "डायनासोर असेल, आपल्या सोसायटीचं नाव तेच ठेवू." सगळे हसले. मग आमच्यातल्याच एका विमा एजंटाने हळू आवाजात विचारले, "सरकारला कळलं तर काम थांबवतील का हो?" त्यानंतर कुणी हसले नाही.

मी माझ्या साडूंना घेऊन जायचे ठरवले. ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी रजा टाकून आम्ही दोघे खड्ड्यात उतरलो. त्यांनी हाडाला जीभ लावली. मी तोंड फिरवले.

"किळस कसली येते?" ते म्हणाले. "जिभेला चिकटतंय. म्हणजे आतला सेंद्रिय भाग कधीच गेलाय. रानबैलाचं असावं. हत्ती सांगून भाव वाढवू नका."

"किती जुनं?"

"ते हाडाला विचारून उपयोग नाही. शेजाऱ्यांना विचारावं लागतं."

मी त्यांना नीट सांगा म्हणालो. आकड्यांत सांगितले की मला समजते. मग ते गोट्यांवर बसून सांगू लागले. प्राणी जिवंत असेपर्यंत त्याच्या अंगात एका प्रकारचा कार्बन असतो, तो मेल्यावर घटू लागतो. साधारण पावणेसहा हजार वर्षांत निम्मा, तेवढ्याच वर्षांत पुन्हा त्याच्या निम्मा. मी मनात भागत गेलो. दहा वेळा निम्मे केले की हजारावा हिस्सा राहतो. त्यापुढे मोजायला काही उरत नाही, म्हणून पन्नास-साठ हजार वर्षांपलीकडे ते घड्याळ चालत नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हात हाडातला मोजण्याजोगा भागच कुजून जातो. खाली जो काळा पाषाण आहे त्याला वेगळे घड्याळ. लाव्हा थिजला तेव्हा ते सुरू झाले; पोटॅशियमचा थोडाथोडा वायू होतो आणि दगडात अडकून राहतो. तो मोजला की सहा-साडेसहा कोटी वर्षे निघतात.

"आणि वाळू?" मी विचारले.

"वाळूचा कण शेवटचं ऊन कधी खाल्लं ते लक्षात ठेवतो. पुरला गेला की आजूबाजूचा किरणोत्सर्ग त्याच्यात साठत जातो, ऊन लागलं की पाटी कोरी. म्हणून नमुना घेताना लोखंडी नळी भिंतीत ठोकायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि अंधारातच उघडायची. मी नळी घेऊन येतो शनिवारी."

हे सांगत असताना ते उठले आणि खड्ड्याच्या भिंतीकडे बघत राहिले. मग भिंतीच्या कडेने चालू लागले. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, मग समोरच्या भिंतीला. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला, कारण तो मी वीस वर्षे बघत होतो.

"हा वरचा पिवळा मुरूम बिल्डरचा भराव," ते म्हणाले. "कमरेइतका आहे. त्याच्याखाली काय दिसतं?"

तपकिरी, मऊ माती होती. कोरडी झाल्यावर तिच्यात वहीच्या पानांसारख्या रेघा उठल्या होत्या.

"गाळ. पाणी आलं, थांबलं, बसलं आणि गेलं. प्रत्येक पट्टा एक पूर." त्यांनी खिशातला चाकू काढून खालच्या पट्ट्यांमधून काहीतरी उकरले आणि माझ्या हातात ठेवले. प्लास्टिकच्या चपलेचा निळा पट्टा होता. अंगठ्याजवळची गाठ अजून तशीच होती.

"असल्या चपला कधी आल्या?"

"मी शाळेत होतो तेव्हा," मी म्हणालो.

"थर त्याच्यातल्या सगळ्यांत नव्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही. याला प्रयोगशाळा लागत नाही."

मी तपासनीस आहे. पहिला पुरावा मी मान्य करत नाही. मी म्हणालो, कुणी खड्डा करून कचरा पुरला असेल. त्यांनी मला जवळ ओढून दाखवले. खड्डा केला असता तर रेघा कापल्या गेल्या असत्या. चपलेच्या वर चार पट्टे होते, अखंड, आणि तेच चार समोरच्या भिंतीतही त्याच उंचीला होते. मी म्हणालो, तेव्हा धरणे नसतील. ते म्हणाले, "धरण भरल्यावर सोडलेलं पाणी कुठे जातं असं वाटतं तुम्हाला? सोलापूरला रेल्वेनं?"

चार पूर. माझ्या शाळेनंतर. गवंड्यांची पातळी बघायची पाण्याची नळी तिथेच पडली होती, तिने आम्ही उंची ताडून पाहिली. जोते भरावापेक्षा दोन फूट वर येणार होते, म्हणजे गाळाच्या माथ्यापासून माझ्या खांद्यापर्यंत. मला हायसे वाटले आणि मी तसे म्हणालोही.

साडूंनी नळी खाली ठेवली. "गाळ तळाशी बसतो. त्याच्यावर पाणी किती होतं ते तो सांगत नाही. गुडघाभर असेल, दोन पुरुष असेल. हा आकडा कमीत कमीचा आहे."

नदी तिथून दिसत नव्हती. मध्ये बाभळी होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले की गावातली जुनी घरे सगळी रस्त्याच्या पलीकडे, चढावर आहेत, आणि या बाजूला ना एखादे देऊळ, ना विहीर, ना जुने झाड. नुसते गवताचे रान होते, ते बिल्डरला मिळाले.

शनिवारपर्यंत काही उरले नाही. विमा एजंटाने बाकीच्यांना फोन केले होते, आणि सगळ्यांनी मिळून बिल्डरला गळ घातली होती की बोभाटा होण्याआधी पायाचे काँक्रीट ओता. एरवी तारखा चुकवणाऱ्या माणसाने तीन दिवसांत ते केले. नळी घेऊन साडू आले तेव्हा भिंतींना आतून फळ्या लागल्या होत्या आणि खड्ड्यात राखी काँक्रीट होते. हाड कुणी, कुठे नेले ते कुणालाच ठाऊक नव्हते.

"हाड गेलं याचं दुःख नाही," साडू म्हणाले. "आता कुठे सापडलं तरी ते अनाथ. कुठल्या थरातलं, कुणाला माहीत? पण ती वाळू आणि ते पट्टे मोजले असते, तर दोन पुरांत किती अंतर पडतं ते कळलं असतं. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

मला तेच हवे होते. दर दहा वर्षांनी की दर चाळीस वर्षांनी, एवढा एक आकडा. तो काँक्रीटमागे गेला.

रविवारी मी सगळ्यांसमोर गाळाचे सांगितले. तो तरुण म्हणाला, "काका, रिलॅक्स. पुराची लाइन मॅपवर कुठे आहे बघा ना, केवढी लांब." विमा एजंट म्हणाला, "तुम्हाला ऑब्जेक्शनच काढायची सवय, खात्यातली." साइटच्या सुपरवायझरने आणखी एक थर मुरूम टाकायचे कबूल केले. मी माझा फ्लॅट बदलून तिसऱ्या मजल्यावरचा मागितला. तो लगेच मिळाला. तळमजल्याला मागणी जास्त होती.

आईला सांगितले तेव्हा ती लसूण सोलत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"बैलाच्या हाडाचं वय काढत होतास," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचं काढलंस का?"

"लिफ्ट आहे आई."

"वीज आहे का?"

त्या वर्षांत वीज दिवसातून कित्येक तास जायची.

राहायला गेल्यावर आमच्या सोडलेल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका आल्या. पेठेतल्या, एकट्या, मुलगा संगणकाच्या नोकरीत अमेरिकेला. मी पहिल्याच आठवड्यात खाली जाऊन त्यांना गाळाचे सगळे सांगितले. त्यांनी चहा दिला आणि मला पुरते बोलू दिले.

"झालं?" त्या म्हणाल्या. "अहो, तीस वर्षं मी भूगोल शिकवलाय. नदीला पूर येतो हे मला तुमच्याकडून कळायचं होतं का? माझे गुडघे तुमच्या मातोश्रींइतकेच कामातून गेलेत. आता मी तिसऱ्या मजल्यावर चढू, की तुम्ही रोज उचलून न्याल?"

मी चहा संपवून वर आलो.

एकदा लिफ्ट बंद असताना आई खाली अडकली आणि बाईंनी तिला आत बोलावले. दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू होती, तरी ती तिथेच गेली. मग आईच्या पौर्णिमेच्या मैत्रिणी येऊ लागल्या, बिबवेवाडीहून, रिक्षा करून, थेट त्या दारात. बाई म्हणाल्या, "घर एवढं आणि माणूस एक. वाचा की इथेच." आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला. आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. आजूबाजूच्या दोघीतिघी रोज येत, आई चष्मा लावून वाची, बाई उच्चार सुधारून देत आणि त्यावरून दोघी भांडत. मी आईला इतके खूश कधी पाहिले नव्हते. आणि ज्या खोलीतून मी तिला बाहेर काढले होते त्याच खोलीत ती बसत होती, नेमकी पावसाच्या तीन महिन्यांत.

तिसऱ्या वर्षी श्रावणात धरणातून पाणी सोडल्याचे रेडिओवर सांगितले. संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो. बाभळींची खोडे दिसत नव्हती, नुसते शेंडे हलत होते, आणि वारा नव्हता. खालून आईचा वाचण्याचा आवाज येत होता. मी जिन्याने खाली गेलो.

दार उघडे होते. आई आणि बाई धरून पाच बायका सतरंजीवर, त्यांच्या काठ्या भिंतीला टेकवलेल्या.

"किती आलंय?" बाईंनी विचारले.

"बाभळी बुडाल्यात."

"इथवर यायला किती वेळ?"

"ते सांगता येत नाही."

"हिशेब तपासणीत आहात ना?" त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मी आईला वर चल म्हणालो. तिने बोट ओळीवर तसेच ठेवले, मैत्रिणींकडे बघितले आणि मग माझ्याकडे. "या चौघींना कोण नेणार? लाइट गेलीय."

मी मनात मोजले. पाच बायका, तीन मजले, मी एकटा. जी सर्वांत जड तिच्यापासून सुरुवात करावी लागेल, अंधार पडायच्या आत. पाणी येईल की नाही हे ठाऊक नसताना त्या उठणार नाहीत, आणि ठाऊक होईल तेव्हा उशीर झालेला असेल.

"पान पुरं होऊ दे," आई म्हणाली आणि पुन्हा वाचू लागली.

मी काठ्या गोळा करून जिन्याच्या पहिल्या पायरीवर रांगेने ठेवल्या. वरच्या मजल्यांची दारे ठोठावून दोन तरुणांना खाली बोलावले. त्यांतला एक तोच, साइटवरचा संगणकवाला. तो खाली आला, फाटकापर्यंत गेला, बाहेर बघितले आणि परत येऊन बाह्या वर करू लागला.