भुलोजीच्या जागी बसवलेला

धाडच्या बाजारात बोलपटाचा तंबू लागला, त्या साली माझं आणि ताईचं एकाच नटावर प्रेम बसलं. वडील कचेरीच्या कामानं नागपूरला गेले होते, म्हणून तरी आम्हाला जाता आलं. बायकांच्या कनातीत आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. पडद्यावर त्यानं डावी भुवई उचलून हसायचा अवकाश, ताई माझं मनगट आवळायची. शेवटी त्यानं दुष्ट कारभाऱ्याला चाबकानं फोडून काढलं, तेव्हा तर माझ्या हातावर तिची बोटं उमटली.

लग्न ताईनं करायचं आणि मला कायमचं त्यांच्याकडे राहायला न्यायचं, असं आमचं परत येतानाच ठरलं. भांडण नको म्हणून.

भाद्रपदात घरी भुलाबाई, पोरींनी गाणी म्हणून पुजायची देवी, बसली. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात तिच्या शेजारी तिचा नवरा भुलोजी असतो. आमचा मातीचा भुलोजी मानेत तुटलेला निघाला. ताईनं तंबूवाल्यांच्या जाहिरातीतलं नटाचं चित्र कापून पुठ्ठ्यावर डकवलं आणि त्या जागी उभं केलं.

"देवाच्या जागी मानूस बसवू नये वं," आई म्हणाली. आम्ही महिनाभर त्याच्यासमोर गाणी म्हटली.

दिवाळीनंतर सुलतानपूरकडून ताईला स्थळ आलं. पाहायला आलेल्या मुलानं डावी भुवई उचलली. तस्साच! त्याला जवळून पाहायला मिळावं म्हणून मी त्याच्या गाडीमागे लपले. पाणी पिताना बैल जरासे मागे सरले. त्यानं चाबूक घेतला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. कातडं फाटेपर्यंत मारत राहिला, आणि चेहरा तसाच हसरा.

मी ताईला सांगितलं.

"सिनेमातला बी असाच तापते," ती म्हणाली आणि लाजली. आईला सांगितलं, तर तिनं मला भांडी घासायला पिटाळलं.

पुढच्या भाद्रपदात ताई माहेरी आली. गाणी म्हणायला ती अंगणात येईना. मी जपून ठेवलेलं चित्र मखरात लावलं होतं. सकाळी त्याचं तोंड भिंतीकडे होतं. मी सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

कोजागिरी झाली आणि भाऊजी ताईला न्यायला आले. भुवई उचलून आईला म्हणाले, "धाकटीले बी द्या संगं. दोघी राहतीन मजेत."

आईला कोण कौतुक वाटलं. तिनं माझं गाठोडंही बांधलं. ताईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"धाकटी येत नाही," ती म्हणाली.

आमच्या घरात नवऱ्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं. भाऊजी नुसते हसले. मला फार भीती वाटली, माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

ताई गाडीत चढली. भाऊजी पुढे बसले. त्यांनी चाबकाला अजून हातही लावला नव्हता, तोच बैल चालू लागले.