सुलैबियाच्या यार्डातला शुक्रवार

ती कॅरव्हॅन आम्ही मागितली नव्हती. ती आमच्या पदरात पडली.

आमचे हे ज्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत, त्याचे कुवेती मालक सबाह अल-सालेमला राहतात. त्यांच्या बंगल्याला लागून ती कैक वर्षं उभी होती. त्यांची मुलं लहान असताना दर हिवाळ्यात ते ती घेऊन वाळवंटात जात आणि आठवडा आठवडा मुक्काम ठोकत. मुलं मोठी झाली, प्रत्येकाची गाडी आली आणि बंगल्याबाहेर जागा पुरेना. एके दिवशी त्यांनी ह्यांना बोलावलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "मुअल्लिम, ये तुम ले जाओ. बच्ची को बर्र दिखाओ." मुअल्लिम म्हणजे उस्ताद, आणि बर्र म्हणजे उघडं वाळवंट. ह्यांना वाटलं थट्टा चाललीय, पण मालकांनी किल्ली काढून हातावर ठेवली. कागदपत्रांचंही त्यांनीच बघितलं.

हे घरी आले ते पायाला भिंगरी लावल्यासारखे. "अगं, दोन पलंग, शेगडी, बेसिन, वर एसी! नुसतं गाडीला जोडायचं आणि निघायचं."

"पण ठेवायची कुठे?" मी विचारलं.

"बघू गं. एवढा मोठा देश आहे."

आम्ही शहरातल्या अब्बासिया भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. एक बेडरूम, एक हॉल, आणि कपाटावर सुटकेसा, सुटकेसांवर जादाच्या गाद्या. आमच्या घरात प्रत्येक वस्तू जागा मोजून आलेली. त्या घराखाली एका शुक्रवारी सकाळी वर्कशॉपच्या पिकअपमागून कंपनीच्या बसएवढी कॅरव्हॅन आली आणि वळणावरच अडकली. पुढे किराणामालाचा टेम्पो, मागे हॉर्नची रांग. आमच्या बिल्डिंगचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, राखणदार डोक्याला हात लावत धावत आला. "ये क्या लाया? बिल्डिंग के नीचे दूसरा बिल्डिंग?"

शेवटी ती मागच्या रिकाम्या, वाळूच्या तुकड्यावर उभी राहिली. संध्याकाळी आम्ही तिघं आत बसून चहा प्यायलो. ह्यांनी सगळी कपाटं एकदा उघडून बघितली, परत लावली, मग पुन्हा उघडली. लेक तेव्हा शाळेत शिकत होती. तिने नाक मुरडलं. "बाबा, इट स्मेल्स लाइक अनदर फॅमिली." मी दुसऱ्याच दिवशी पडदे काढून धुतले.

पण त्या तुकड्यावरच सकाळी कामगारांच्या बसेस वळायच्या. आता त्यांना वळता येईना, आणि ड्रायव्हर आमच्या खिडकीखाली येऊन हॉर्न वाजवायचे. कुणीतरी कॅरव्हॅनच्या खाली कचऱ्याच्या पिशव्या सरकवायला लागलं. एक मांजर तिच्या खाली व्यायली. मग एके दिवशी दारावर बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, स्टिकर दिसला. गाडी हलवा, नाहीतर आम्ही उचलून नेऊ. ह्यांनी ती वर्कशॉपच्या मागे नेली. तिथे माल उतरवायचे ट्रक अडायला लागले. मग एका ओळखीच्याच्या गोदामाशेजारी ठेवली, तर त्याच्या शेजाऱ्याने तक्रार केली. त्या दिवसांत आम्ही कुठेही निघालो आणि रस्त्याच्या कडेला मोकळी जागा दिसली, की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. "इथे मावेल का गं?"

शेवटी सुलैबियाला एक यार्ड मिळालं. चार भिंतींच्या आत कुवेती लोकांच्या कॅरव्हॅन, ट्रेलरवर चढवलेल्या बोटी, आणि फाटकाशी खाट टाकून बसलेला एक पठाण राखणदार. त्याने आमची कॅरव्हॅन अगदी मागच्या भिंतीला लावून घेतली. फारशी बाहेर न पडणारी वाहनं मागेच ठेवायची, असा त्याचा हिशेब. त्याचं काही चुकलं नाही. पुढे उन्हाळा होता, आणि इथल्या उन्हाळ्यात वाळवंटात जायचं नाव कोण काढतो? आम्ही महिन्यातून एकदा जायचो ते नुसते धूळ झाडायला. जागेवर उभ्या उभ्या टायरना भेगा पडल्या. छपराच्या सांध्यांतला गोंद उन्हाने कुरकुरीत झाला. पडद्यांना बोट लावलं तर भोक पडायचं. हिवाळा आला तर लेकीची परीक्षा आली, ती संपली तर ह्यांना कामाची घाई लागली. वाळवंट राहिलंच.

आणि मग आक्का आल्या.

आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून ह्यांना आक्कांनीच वाढवलं. गुहागरकडच्या गावातून त्या रत्नागिरीच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. ह्यांनी व्हिजिट व्हिसा काढून हट्टाने आणलं. पहिले काही दिवस आक्का आमच्या खिडकीत उभ्या राहायच्या. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, तिच्यावर एसींची रांग. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "वाळवंट कुठे ठेवलंय गो ह्या लोकांनी? मला वाटलेलं, दारातच वाळू असेल."

मी हे ह्यांना सांगितलं तर ते इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. "ह्या शुक्रवारी नेतो तिला. दोन दिवस राहायचं. तिला सकाळी दार उघडल्यावर सगळीकडे नुसती वाळू दिसली पाहिजे."

ह्यांनी नवे टायर बसवून घेतले, राखणदाराला फोन करून सांगून ठेवलं. तो म्हणाला, "हो जाएगा." मी पोळ्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, घावण्यांसाठी तांदळाचं पीठ घेतलं. आक्कांनी साडीवर ह्यांचा जुना स्वेटर चढवला, डोक्याला शाल गुंडाळली आणि सगळ्यांच्या आधी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

यार्डात पोचलो तर आमच्या कॅरव्हॅनच्या पुढे आणखी दोन कॅरव्हॅन आणि एक भली मोठी बोट. राखणदाराने एकेका मालकाला फोन लावला. एकाचा फोन बंद. दुसरा, बोटीचा मालक, नमाजाला गेलेला. नमाजानंतर त्याने फोन उचलला तेव्हा कळलं, की बोटीच्या कुलपाची किल्ली त्याच्या भावाकडे आहे आणि भाऊ दुबईला गेलाय. हे आणि राखणदार मिळून बोटीचा ट्रेलर हाताने सरकवायला लागले. तो तसूभरही हलला नाही. ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला, हाताला खरचटलं. हे तरीही ढकलतच होते.

आक्का इतका वेळ गाडीत बसल्या होत्या. त्या उतरल्या, दोन कॅरव्हॅनच्या फटीतून साडी सावरत आमच्या दाराशी आल्या आणि माझ्या खांद्याला धरून वर चढल्या. आत सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "चहा ठेव गो. त्याचा घसा सुकला असेल."

मग तो दिवस आम्ही तिथेच काढला. खिडकी उघडली तर शेजारच्या कॅरव्हॅनचा पांढरा पत्रा हाताला लागत होता. आक्कांनी पदर खोचून त्या छोट्या शेगडीवर घावणे घातले. जाळीदार झाले नाहीत म्हणून पिठाला बोल लावला. राखणदाराला ताटलीतून चार नेऊन दिले. जेवण झाल्यावर पलंगावर जरा आडव्या झाल्या आणि "गादी बरी आहे हो" म्हणाल्या. लेक त्यांच्या पायाशी बसून फोन बघत होती. हे बाहेर पायरीवर बसून होते, आत यायला तयार नव्हते.

"तोंड का पाडलंयस रे?" आक्कांनी आतूनच विचारलं. "वाईट काय आहे? छप्पर आहे, चूल आहे, माणसं आहेत."

"आक्का, मला तुला हे दाखवायचं नव्हतं."

"मग पुढच्या शुक्रवारी दाखव."

पुढच्या शुक्रवारी धुळीचं वादळ आलं. बाहेर सगळं पिवळं झालं, आणि आम्ही दाराच्या फटींत ओले टॉवेल कोंबून घरात बसलो. त्यानंतरच्या शुक्रवारी एका इस्पितळाचा एसी बंद पडला आणि ह्यांना जावंच लागलं. मग आक्कांच्या परतीचा दिवस आला. विमानतळावर त्यांनी ह्यांच्या गालावरून हात फिरवला. "पुढल्या खेपेला."

पुढली खेप झाली नाही. त्याच वर्षी आक्का अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्या काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. विमानात तेवढा वेळ बसणं जमणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डोळेही अधू झालेत.

हे यार्डात जायचे बंद झाले. मी कधी विषय काढला तर म्हणायचे, "असू दे. आहे तिथे बरी आहे." मग यार्डाच्या मालकाचा निरोप आला, की जागा सोडायची आहे, ज्याने त्याने आपापलं न्यावं. आम्ही पुन्हा जागा शोधली नाही. उंट पाळणाऱ्या एका माणसाला त्याच्या गुराख्यांना राहायला काहीतरी हवं होतं, त्याला कॅरव्हॅन देऊन टाकली. तो न्यायला आला त्या दिवशी पुढची सगळी वाहनं आधीच निघून गेलेली होती. वाट एकदम मोकळी. ती सहज फाटकाबाहेर पडली आणि वाळवंटाच्या रस्त्याला लागली.

लेक पुण्याला कॉलेजात गेली, त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी हे म्हणाले, "चल, जरा फिरून येऊ." दोन घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास गाडीत टाकला. मुत्लाच्या टेकड्यांच्या बाजूला शहर मागे पडलं, मग विजेचे खांबही विरळ झाले. ह्यांनी गाडी रस्त्याखाली घेतली आणि थांबवली. पाऊस होऊन गेला होता. वाळूवर बारीक हिरवी लव आली होती, आणि क्षितिजापर्यंत मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. आम्ही खुर्च्या मांडल्या. मी चहा ओतला. ह्यांनी घोट घेतला आणि पेला वाळूवर टेकवला.

"त्या दिवशी गाडी होती गं आपल्याकडे," हे म्हणाले. "आक्का गाडीतच बसली होती."

मी तिथेच होते की. तशीच गाडी पुढे काढावी, हे मलाही सुचलं नव्हतं. कॅरव्हॅन निघत नाही म्हटल्यावर आम्हाला दिवस संपलाच असं वाटलं होतं, आणि रस्ता तर यार्डाच्या फाटकापासूनच सुरू होत होता.

ह्यांनी फोन काढून आक्कांना व्हिडिओ कॉल लावला. गावी त्यांच्या पुतण्याने फोन त्यांच्यासमोर धरला. हे उठून उभे राहिले आणि फोन हळूहळू चहूकडे फिरवायला लागले. "आक्का, हे बघ. हे वाळवंट. दिसतंय का?"

आक्कांनी डोळे बारीक केले, चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

"नुसतं पांढरं दिसतंय रे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवलात ना?"

"जेवलो," हे म्हणाले. फोन मात्र त्यांनी खाली घेतला नाही. वाळूकडे तोंड करून तसाच धरून ठेवला.