फळ्यावरचं मॅग्नेशियम
घाटगे मास्तरांनी साताऱ्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं ते निव्वळ खडूवर. मॅग्नेशियम जळताना त्यांनी स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आधी शाळेला ऐपत नव्हती, मग सगळं मॅग्नेशियम लढाईनं ओढून नेलं. फळ्यावर मात्र ते वर्षानुवर्षं जळत होतं. ‘डावीकडं ऑक्सिजनचे अणू दोन, तर उजवीकडंही दोनच! मधल्यामधे गिळला कुणी?’ असं ओरडून ओरडून मास्तरांचा घसा बसला होता.

लढाई संपल्यावर मिरजेहून मॅग्नेशियमची बोटभर फीत आली. वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. शिपाई आकारामनं फीत चिमट्यात धरून दिव्यावर नेली. मास्तर वाकून बघणार, तोच पोरांनी फळ्यावर लिहिलेलं समीकरण त्यांना दिसलं. उजवीकडं ऑक्सिजन एकच!

‘गाढवांनो!’ म्हणत ते सवयीनं फळ्याकडं वळले.

‘आवं मास्तर, हिकडं बगा की!’ आकाराम ओरडला.

खडू टेकला आणि लख्ख उजेड पडला. मास्तरांना फळ्यावर दिसली ती त्यांचीच सावली. वळून पाहिलं, तर चिमट्यात पांढरी राख.

 मास्तरांनी पुन्हा फळ्याकडं तोंड केलं आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे दोनाचे आकडे पुरे केले.

‘हं, जुळलं,’ ते म्हणाले. ‘उतरवून घ्या.’