विलासची पेटी

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस विहिरीवरची जळालेली मोटार टेम्पोतून उतरवतो आणि ती का जळाली ते चहा संपेपर्यंत सांगत बसतो. त्यात त्याची स्वतःची चूक कधीच नसते. आळेफाट्यावर दुकान टाकून मला वीसेक वर्षं झाली. ऐकलेलं सगळं लिहून ठेवलं असतं तर मोटारीत भरायची तांब्याची तार ठेवायला जागा उरली नसती.

अलीकडे त्यातले निम्मे किस्से कॉम्प्युटरचे असतात, आणि ते विलासमुळे. विलास पिंपरी पेंढारचा, आमची शेतं बांधाला बांध लागून. इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, मग परत येऊन माझ्याच दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसला. तिथं त्यानं एक पेटी बनवली. शेतात रात्री-अपरात्री थ्री-फेज लाईट आली की पेटी तिन्ही फेज तपासते, कारण एक कमी असली तर मोटार जळते, मग मोटार चालू करते आणि मालकाच्या फोनवर मेसेज टाकते: "लाईट आली. मोटार चालू केली. काळजी नसावी." आमच्याकडं अंधारात विहिरीवर जाणं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जाणं. त्यामुळे या तीन वाक्यांवर लोक लई खूश होते.

*

आमच्या चारच्या चहाला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे सावंत सर असतात. विलासच्या जुन्या लॅपटॉपवर फुकटची लिनक्स सिस्टिम आहे, सरांच्या नव्या लॅपटॉपवर विकतची. कुठली चांगली यावर दोघं इतके भांडायचे की गिऱ्हाईक मोटार ठेवून आपलं आपण निघून जायचं.

एकदा सरांनी ठिबकच्या माहितीसाठी वीस-पंचवीस शेतकरी दुकानात बोलावले. भिंतीवर पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर जोडला आणि लॅपटॉप उघडला. त्यावर अक्षरं आली: अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नये. पाच मिनिटं गेली, वीस गेली. चहा दोनदा झाला. लोक चादरीकडं बघत बसलेले.

विलासचे वडील, अण्णा, पुढच्या बाकावर होते. ते अगदी मायेनं म्हणाले, "सर, ह्यो लॅपटॉप तुमचाच हाय ना?"

"माझाच की, अण्णा."

"मंग चालू करायला त्याची परवानगी का लागतीय?"



*

पेटी नवी होती तेव्हाची गोष्ट. गावची यात्रा. सगळं गाव देवळापुढं, शेतात चिटपाखरू नाही. नेमकी लाईट आली, पेटीनं इमानदारीनं मोटार चालू केली, आणि पाट कुठंतरी फुटलेला. दिवसभर पाणी अण्णांच्या काढायला आलेल्या कांद्यात जात राहिलं. दुसऱ्या दिवशी वाफ्यात उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत रुतत होता.

अण्णा पोराला रागावले नाहीत. फक्त दहा वर्षांचं जाडजूड पंचांग घेऊन दुकानात आले आणि टेबलाशी बसले. "लिव," म्हणाले. "यात्रंच्या दिवशी माणूस कामाला जात न्हाई, तर मशीन कशाला जाईल?"

यात्रा तिथीवर, तारीख दर वर्षी बदलते. अण्णांनी पुढच्या दहा वर्षांच्या तारखा काढून दिल्या आणि विलासनं त्या मुकाट्यानं प्रोग्रॅममध्ये घातल्या. पुढं तोही विसरला, आम्हीही विसरलो.

*

पेट्या तीसच्या वर गेल्या तेव्हा सर म्हणाले, वहीत कसल्या नोंदी ठेवतोस, डेटाबेस कर. स्वतः दोन दिवस बसून त्यांनी तो केला. नियम असा घातला की एक नाव दोनदा येता कामा नये, म्हणजे घोळ होणार नाही.

तिसऱ्याच गिऱ्हाइकाला डेटाबेस अडला. आमच्या गावात दत्तात्रय किसन नावाचे पाच जण आहेत, आडनावासकट एकच. सर म्हणाले, जन्मतारीख टाकू. पाचातल्या तिघांची जन्मतारीख एक जून निघाली, शाळेत गुरुजींनी घातलेली. मोबाईल नंबर टाकला, तर त्यातले दोघं शेजारी एकच फोन वापरत होते.

अण्णा हे सगळं ऐकत होते. "सर, मोटार कशावर बसती?"

"विहिरीवर."

"मंग विहिरीचं नाव टाका की. माणसं मरत्यात, फोन बदलत्यात. विहीर कुठं जाती?"

आजही तो डेटाबेस जांभळाची विहीर, थोरली विहीर, म्हातारीची विहीर असाच चालतो. कॉलेजात हा धडा शिकवताना सर अण्णांचं नाव घेतात, हे मला त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं.

*

विलासनं पेटीचा सगळा प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडा टाकला तेव्हा मीच ओरडलो होतो. दुकानाची किल्ली चौकात टांगल्यासारखं वाटलं मला. सरांचं म्हणणं वेगळं होतं. उघडा टाकायचा तर टाक, पण लायसन्स मोकळं ठेव: कुणीही घ्या, काहीही करा. विलासनं मात्र अटीचं लायसन्स लावलं. घ्या, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला बदललेला प्रोग्रॅमही उघडा द्या.

"ही अट तुला कुणी शिकवली?" सरांनी विचारलं.

"मढच्या मावशीनं."

विलासच्या मढ गावातल्या मावशीकडं भाताची जुनी वाणं आहेत. मागेल त्याला ती बी देते. अट एकच, तुझ्याकडं कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. एका बाबानं तिच्याकडून बी नेलं, त्यातलं टपोरं निवडून आणखी चांगलं केलं, आणि शेजाऱ्यानं मागितल्यावर हात झटकले. पुढच्या वर्षी त्याचं बी पावसानं कुजलं, आणि तो पुन्हा मावशीच्या दारात आला. मावशीनं त्याला चहा दिला, पोहे दिले, गुरांची चौकशी केली आणि रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं.

सर हसले. "मावशीला कोर्टात जायची पाळी आली नाही म्हणून बरं. उद्या एखाद्या कंपनीनं तुझा प्रोग्रॅम नेऊन दार लावून घेतलं, कुणाला दाखवलाच नाही, तर तू काय करशील?"

विलास म्हणाला, "चहा तरी देईन."

*

मग किसनमामांची मोटार जळाली. मामा विलासच्या आईचे भाऊ. लाईट एका मिनिटात दोनदा आली-गेली, तिसऱ्यांदा आली ती दोनच फेजवर, आणि पेटीनं न तपासता मोटार चालू केली. वर मेसेज गेला, काळजी नसावी. दुसऱ्या दिवशी मामा आले आणि काळं पडलेलं वायंडिंग माझ्या टेबलावर ठेवून गेले.

जळालेली मोटार हा माझा धंदा, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. विलास तीन आठवडे प्रोग्रॅम घेऊन बसला. चूक सापडेना. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. शेवटी मला म्हणाला, "बाळूभाऊ, यात्रेपर्यंत चूक सापडली नाही तर सगळ्या पेट्या काढून आणतो. लोकांनी माझ्या भरवशावर मोटारी ठेवल्यात." म्हणजे तीस-चाळीस घरांनी पुन्हा अंधारात बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं.

त्यातच कळलं की मामांच्याच डीपीवर, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवर, शेजारच्या शेतकऱ्याची मोटार आहे आणि तिला काही झालं नाही. त्याच्याकडं शहरातल्या एका कंपनीची नवी पेटी होती, सहा महिन्यांपूर्वी बाजारात आलेली. आम्ही बघायला गेलो. त्यानं फोन दाखवला: "लाईट आली. मोटार चालू केली. काळजी नसावी."

विलास खाली बांधावर बसला. प्रोग्रॅम त्याचाच होता. त्यांनी तो नेला, त्यातली चूक शोधली, दुरुस्त केली आणि दार लावून घेतलं.

पेटी विकत घेणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या नावानं लायसन्सचा हवाला देऊन कंपनीला पत्र गेलं, बदललेला प्रोग्रॅम द्या म्हणून. पत्र लिहिलं सावंत सरांनी, मोकळ्या लायसन्सवाल्यांनी. रागानं त्यांचं अक्षर वाकडं आलं होतं. कंपनीचं उत्तर आलं: प्रोग्रॅम आमचा, आम्ही पहिल्यापासून लिहिलेला, आणि 'काळजी नसावी' हे काय कुणीही लिहील. शंका असेल तर आमचे साहेब येऊन पेटी दाखवतील. खाली तारीख दिली होती.

मी तारीख बघून वैतागलो. "अरे, त्या दिवशी यात्रा आहे. दुकान बंद असतं."

विलासनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "येऊ दे त्यांना."

*

साहेब सज्जन होते, चप्पल बाहेर काढून आत आले. मी त्यांच्यासाठी यात्रेचे कपडे घालून दुकान उघडलं होतं. त्यांनी आपली पेटी माझ्या टेस्टिंगच्या बोर्डाला जोडली, शेजारी मामांचीच नव्यानं भरलेली मोटार. "बघा," म्हणाले, "आमचं काम मुळापासून वेगळं आहे." आणि मेन स्विच टाकला.

तिन्ही फेजचे दिवे लागले. मोटार गप्प.

त्यांनी स्विच बंद करून पुन्हा टाकला. वायरी काढून पुन्हा जोडल्या. मी मीटर लावून दाखवला, तिन्ही फेज ठणठणीत. त्यांनी ऑफिसात फोन केला. तिकडच्या टेबलावरची पेटीही सकाळपासून चालू होत नव्हती. सावंत सर माझ्याकडं बघत होते, मी विलासकडं, आणि विलास जमिनीकडं.

तेवढ्यात अण्णा दारात आले, नवं धोतर, डोक्याला फेटा, आम्हाला जेवायला बोलवायला. त्यांनी पेटीकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं.

"पावणं," ते म्हणाले, "त्याला उगं तरास देऊ नका. आज आमची यात्रा हाय. आज तो मोटार चालू करायचा न्हाई. चला, मासवडी गार व्हईल."

साहेबांनी पेटीच्या वायरी काढल्या आणि ती बाजूला ठेवली. मग जेवायला आले. येताना बदललेला प्रोग्रॅम असलेला लॅपटॉप घेऊनच आले.