पुन्हाबाई

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण व्यसनमुक्ती केंद्रात त्यांना सगळे पुन्हाबाईच म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. नवीन पेशंट आला की त्याचा पहिला कागद त्या भरून घ्यायच्या: तुमच्याबद्दल बाहेर कुणाला सांगायचं, काय सांगायचं, काय सांगायचं नाही. माणूस बापडा थरथरत असतो, नाक गळत असतं, कधी एकदा पलंगावर पडतो असं झालेलं असतं. तो म्हणतो, "कुणालाही सांगा हो, सही कुठे करू ते दाखवा." बाई पेनाला टोपण लावून ठेवायच्या. "आज नको. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारते." तिसऱ्या दिवशी विचारायच्या, आठव्या दिवशी पुन्हा. तोवर तो माणूस आमच्याकडे आहे हेसुद्धा कुणाला कळायचं नाही. एक पेशंट वैतागून म्हणाला होता, "बाई, लग्न ठरवतानासुद्धा मला एवढं कुणी विचारलं नव्हतं." आम्ही सगळ्या खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. "म्हणूनच विचारते," म्हणाल्या.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फोनवर बोलायचं एक वाक्य पाठ करायला लावलं: 'इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही फोनवर सांगत नाही.' मी जात्याच आगाऊ. म्हटलं, "आणि जो माणूस खरंच इथे नाही, त्याचं काय? नाही म्हणून सांगायला आपलं काय जातंय? तेवढाच समोरच्याचा जीव भांड्यात पडेल."

बाईंनी समोरचा जेवणाचा डबा बंद करून टाकला. मला वाटलं, आता खैर नाही. पण त्या अगदी हळू आवाजात बोलल्या.

"मी नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्याचा फोन आला. लेक घरातून निघून गेलीये म्हणाला, रडत होता. ती आपल्याकडे नव्हतीच. मला दया आली. म्हटलं, नाही हो काका, इथे नाही आली. दहा दिवसांनी ती खरंच आली. कुणालाही सांगू नका म्हणाली, तिन्ही वेळा. आणि म्हाताऱ्याचा पुन्हा फोन आला. या वेळी मी नियमाचं वाक्य म्हटलं. तो नुसतं म्हणाला, 'बरं.' दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दारात हजर. तो म्हातारा बाप नव्हताच, सासरा होता. मागच्या वेळी मी 'नाही' म्हटलं होतं आणि आता म्हटलं नाही. त्याला काय कळायचं ते कळलं."

"मग?"

"नवरा घेऊन गेला तिला. महिन्याभरात ती गेली."

"कशाने?"

"ते तिचं आहे," बाई म्हणाल्या. "मी सांगणार नाही."

त्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. फोन वाजला की बाईंचा हात पुढे जायचा आणि उचलायच्या आधी मध्येच थांबायचा. घंटी तीन-चारदा वाजायची. एकदा मी न राहवून विचारलंच, "कसला विचार करता हो एवढा?" तर म्हणाल्या, "तो 'बरं' म्हणतो गं अजून." भर दुपारचे दोन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरं केंद्र निघालं आणि माझी तिकडे बदली झाली. तेच काम, तोच कागद, तेच वाक्य. बाई जुन्या केंद्रातच राहिल्या.

त्यांना एकच मुलगा. छापखान्यात मोठ्या मशीनवर कामाला होता. तो गोळ्या खायचा. जगाच्या मुलांचे डोळे बघून ओळखणाऱ्या बाईंना आपल्या घरातलं वर्षभर कळलं नाही. कळलं तेव्हा तशाच उठून त्याच्या मालकाकडे गेल्या आणि सांगून आल्या, याला मशीनवर एकटा सोडू नका, एखाद दिवशी हात जाईल. मालकाने त्याला त्याच दिवशी घरी पाठवला. मुलगा आला, आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला एकदा तरी विचारलंस?" पिशवी उचलली आणि गेला. हे बाईंनी मला स्वतः सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

पाच महिने त्याचा पत्ता नव्हता. जिवंत आहे की नाही एवढं कळलं तरी पुरे, असं म्हणायच्या. आपल्या आईच्या केंद्रात तो मेला तरी पाऊल टाकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. येणार तर आमच्याकडेच. शेवटी एक दिवस माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याचं नाव घेतलं, वय सांगितलं, अगदी कुणीही परकी आई सांगेल तसं. तो आमच्याकडे नव्हता. मी म्हटलं, "नाही हो बाई. इथे नाही आलेला."

पलीकडे असा काही भडका उडाला! "हे शिकवलं मी तुला? चार वर्षं हेच शिकवलं? उद्या आला तर मला काय सांगशील? सांग ना, काय सांगशील?" आणि धाडकन फोन ठेवला.

मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. आई म्हणून फोन करता आणि मास्तरीण म्हणून झापता! जा म्हटलं, मरो ते. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

नवव्या दिवशी तो आला.

बाईंच्या मोबाइलवर फोटो पाहिला होता म्हणून ओळखला, नाहीतर निम्माही उरला नव्हता. दात वाजत होते. मी कागद पुढे ओढला, टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. "तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारते," म्हटलं. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही माझ्या आईला ओळखता."

लपवण्यात अर्थ नव्हता. "हो. त्यांच्या हाताखाली होते. पण त्यांना काही कळणार नाही, तुम्ही सांगितल्याशिवाय."

तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला होता. मी एकेक नाव विचारत गेले. मित्र? चालेल. मामा? चालेल, तो आईला सांगायचा नाही. आई? "आईला नाही."

आठव्या दिवशी पुन्हा विचारलं. नुसतं 'आई' म्हणून थांबायचं असतं, पण माझी जीभ कुठली थांबतेय. "फक्त इथे आहात, एवढंच सांगितलं तर? बाकी एक शब्द नाही."

तो चादरीचा दोरा ओढत बसला. "सगळ्या जगाचं पोटात ठेवते ती," तो म्हणाला. "माझंच तेवढं बाहेर पडलं. बरा झालो की मीच जाईन तिच्यासमोर. असा नाही. लिहा, नाही."

मी 'नाही' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

तेवढे दिवस मी त्या फोनकडे बघत काढले. वाजला की माझाच हात मध्ये थांबायला लागला. बाईंचा असला तर मी ते वाक्य म्हणणार, आणि ते वाक्य म्हटलं की त्यांना कळणार. एका बाजूने वाटायचं, नकोच वाजायला, आणि दुसऱ्या बाजूने वाटायचं, करा ना हो फोन! एकदा करा. मी नियमही मोडणार नाही आणि तुम्हाला कळेलही.

फोन आला नाही. दोन-तीन दिवस गेल्यावर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्या करणारच नव्हत्या. मी एकदा 'नाही' म्हणून चुकले होते, त्यामुळे आता फोन करणं म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या खोलीत डोकावणं. तो आलाय की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी आपल्या हाताने तो एकुलता एक रस्ता बंद करून टाकला होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

बाराव्या दिवशी तो निघून गेला. आपल्या मर्जीने आला होता, मर्जीने गेला. कुठे, ते मामालाही माहीत नाही आणि मित्रालाही नाही. त्याला आता दीड वर्ष झालं.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा मला राहवलं नाही. एका रविवारी दुपारी ठरवून त्यांच्या घरी गेले. नियम गेला चुलीत, म्हटलं. त्या आईला एवढं तरी कळू दे. बाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी दारातच माझा चेहरा पाहिला आणि पाठ फिरवली.

"बाई, मला तुम्हाला काहीतरी—"

त्यांनी मिक्सर सुरू केला. रिकामं भांडं. आत काही म्हणता काही नाही, नुसतं पातं घरघरत होतं. मी थांबले की बंद करायच्या, तोंड उघडलं की पुन्हा चालू. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, "पुरे करा हो! ऐका ना एकदा!"

त्यांनी बटणावरून बोट काढलं नाही. त्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "त्याला सांगायचं असेल तर तो येऊन सांगेल. तुझ्या तोंडून मला माझा मुलगा नको!"

डोळ्यांतून धारा लागल्या होत्या त्यांच्या, आणि बोट तसंच बटणावर. मी चपला घालून बाहेर आले. जिन्यावरसुद्धा तो मिक्सर ऐकू येत होता. केंद्रातून जायच्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा दोनदा मागून जेवला होता, आणि ताट स्वतः धुऊन ठेवलं होतं. बस, एवढंच सांगायचं होतं मला.