जाळ्याखाली टेपरेकॉर्डर

आमच्या कंपनीत डिस्पॅचला माझा एक मित्र होता, करावे गावचा. दिवसभर खोक्यांवर शिक्के मारायचा आणि मारता मारता गुणगुणायचा. शिक्का बरोबर तालावर पडायचा, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर टायपिंग करणारी मीही नकळत त्याच ठेक्यात टाइप करायला लागायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातून कॅसेट काढून दाखवली. स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं कोळीगीत. केबलवाला त्याला म्हणाला होता, याचा व्हिडिओ करून आण, रविवारच्या पिक्चरनंतर दाखवतो. तेव्हा नव्या मुंबईत नुकतीच घरोघर केबल आली होती आणि केबलवर दिसणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

"तू फक्त टेपरेकॉर्डर सांभाळ," तो मला म्हणाला. "मी ओठ हलवणार, गाणं टेपवर वाजणार. ॲक्शन म्हटलं की चालू, कट म्हटलं की मागे घ्यायचं."

मी लगेच हो म्हटलं. घरी सांगितलं, शूटिंगला जातेय, क्रूमध्ये आहे. आई म्हणाली, "क्रू म्हणजे काय?" मलाही नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मदत." आई म्हणाली, "मग जाताना डबा घेऊन जा."

हिरॉइनही मीच आणली. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, सांगलीहून आलेली मुलगी. भरतनाट्यम शिकलेली. आयुष्यात कधी होडीत बसली नव्हती. तिची एकच अट होती, हातात मासा धरणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही करावे गावच्या खाडीवर पोचलो. कॅमेरामन लग्नाच्या शूटिंगवाला होता आणि दिग्दर्शकही तोच. त्याच्या तोंडातून सवयीने सारखं निघायचं, "जरा जवळ उभे राहा, इकडे बघा, हसा." होडी मित्राच्या वडिलांची होती आणि वल्हवणारही तेच होते. त्यांना हा सगळा उद्योग मुळीच पसंत नव्हता. मुलाने कंबरेला बांधलेला नवाकोरा चौकड्याचा रुमाल त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "मासं बगून पलतील." मग खाडीकडे बोट दाखवून त्यांनी सगळ्यांना बजावलं, "काय करायचं ते लवकर करा. दुपारला पानी उतरतं."

पण मित्राची आई हिरॉइनला लुगडं नेसवत होती. पहिल्यांदा नेसवलं तर तिला चालता येईना. दुसऱ्यांदा नेसवलं तर बसता येईना. तिसऱ्यांदा सगळं जमलं, तोवर उन्हं डोक्यावर आली होती.

मग नवीन अडचण निघाली. मी काठावर टेप लावला, पण वाऱ्यामुळे होडीत गाणं ऐकूच जाईना. कॅमेरामनने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही होडीतच बसा. दिसणार नाही असं करू." दिसणार नाही असं म्हणजे मला होडीच्या तळाशी आडवं झोपवलं, पोटावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि वरून जाळं पांघरलं. जाळ्याला कित्येक वर्षांच्या माशांचा वास होता. मित्राने लाकडावर पाय आपटला की मी बटण दाबायचं, असं ठरलं.

होडी थोडी आत गेली. पाय आपटला. मी बटण दाबलं. "तुझं नाव देतो गो माझ्या होडीला," अशी गाण्याची सुरुवात होती.

"थांब," वडील म्हणाले. "होडीला नाव हाय."

"बाबा, गाणं आहे ते."

"असंल. पन नाव हाय. माज्या आयेचं हाय. मरेपर्यंत ती या खाडीवर हुती, आनि तू तिचं नाव पुसून हिचं लिवनार?"

हिरॉइन घाईघाईने म्हणाली, "नाही हो काका, माझं नको. खरंच नको."

पुन्हा सुरुवात केली. कधी हिरॉइनचा पदर तोंडावर यायचा, कधी कॅमेरामन काठावरून ओरडायचा, "काका, कॅमेऱ्याकडे रागाने बघू नका." मी जाळ्याखाली टेप मागे घेत होते, पुढे सोडत होते. कितव्यांदा तरी कट झाल्यावर होडीखालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि ती जागच्या जागी थांबली.

"टेकली," वडील म्हणाले.

मी जाळ्यातून डोकं बाहेर काढलं. काठ आणि आमच्यामध्ये पाणी नव्हतंच, नुसता काळा चिखल चकाकत होता. उतरलं तर मांडीपर्यंत रुतणार. भरती येईपर्यंत बसून राहण्याखेरीज इलाज नव्हता. वडिलांनी "मी बोल्लो हुतो" असं म्हटलं नाही. त्यांनी शांतपणे बिडी पेटवली, ते जास्त लागलं.

काठावरून कॅमेरामनचा आवाज आला, "उलट बरं झालं, आता होडी हलत नाही. चला, ॲक्शन."

मग आम्ही शूटिंग चालूच ठेवलं. दुसरं करण्यासारखं तरी काय होतं? मधल्या वेळात आईने दिलेल्या डब्यातले दडपे पोहे चौघांनी खाल्ले. वडिलांनी दोनदा मागून घेतले. तेवढ्यात टेपचे सेल उतरायला लागले. आधी गाणं जरा संथ झालं, मग मित्राचा आवाज म्हाताऱ्यासारखा घोगरा झाला आणि मधेच बंद पडला. मित्राने सेल काढून तळहातावर चोळले, दातांनी चावून पाहिले, उन्हात ठेवले. त्यावर अर्धं कडवं निघालं, मग तेही संपलं.

मित्र खाली बसला. इतका वेळ मुळीच न कुरकुरलेला तो माणूस अगदी हिरमुसून गेला. "राहू दे," म्हणाला. "ओठ हलवायला गाणंच नाही तर काय."

मग मागून खणखणीत आवाज आला. वडील गात होते. दिवसभर ऐकून ऐकून त्यांना सगळं गाणं पाठ झालं होतं. चाल तीच, फक्त लय त्यांची, वल्हं मारल्यासारखी जोरकस. आणि पहिली ओळ बदललेली: "आयेचं नाव हाय गो माज्या होडीला."

मित्र त्यांच्याकडे बघतच राहिला. वडील न थांबता म्हणाले, "बगतोस काय, नाच."

तो उठला आणि वडिलांच्या ओळींवर ओठ हलवत नाचू लागला. हिरॉइनही उठली आणि पहिल्यांदाच भरतनाट्यम विसरून मोकळी नाचली. मी जाळं बाजूला टाकून टाळ्यांनी ठेका धरला. कॅमेरामनने पहिल्यांदाच कोणाला हसायला सांगितलं नाही. भरतीचं पाणी होडीखाली आलं तेव्हा सगळं गाणं झालं होतं.

पुढच्या रविवारी पिक्चरनंतर व्हिडिओ लागला. आम्ही सगळे मित्राच्या घरी जमलो होतो. कॅमेरामनने लग्नाच्या कॅसेटसारखे लाल बदाम टाकले होते आणि ते दोघांच्या डोक्यांवरून उडत होते. टेपचं गाणं एका वेगाने चाललं होतं, ओठ दुसऱ्याच. हिरॉइनकडे प्रेमाने बघत मित्र स्पष्टपणे "आयेचं नाव" म्हणताना दिसत होता. घरातली मंडळी हसून हसून लोळायची बाकी होती.

वडील मात्र गंभीर होते. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मी गायलो तो आवाज कुटं गेला?"

"तो काढला, बाबा. कॅमेऱ्यातला आवाज काढून वर टेपवरचा लावतात."

त्यांनी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. तिथे आता साड्यांच्या सेलची जाहिरात चालू होती.

"मंग मी कशाला गायलो?"

मित्राने टीव्ही बंद केला. तो म्हणाला, "आता गा ना. सगळे आहेत."

"आता नाय," असं म्हणत ते उठले, दारापर्यंत गेले, घसा खाकरला आणि तिथेच उभं राहून पहिली ओळ सुरू केली.