मुगेसेगेले नावाचं गाव

जर्मनीत शिकणाऱ्या पोरानं लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही तयारीतच बसला असाल. आता बर्फ पडणार, याला वरणभात आठवणार, मग आईचा फोन येणार. तसलं काही नाहीये. ही गोष्ट माशीची आहे. घरातल्या साध्या माशीची. माशीच्या नेमक्या कशाची, ते सांगताना मला घाम फुटला होता, तेव्हा जरा दम धरा.

मी झिंडेलफिंगेनला एका जर्मन आजींच्या घरात खोली घेऊन राहतो. दुसरी खोली त्या पाहुण्यांना देतात. गेल्या उन्हाळ्यात तिथे अमेरिकेतलं एक जोडपं आलं. तो खेड्यातला सुतार. बाप सुतार, आजा सुतार आणि जर्मनीतून तिकडे गेलेला पणजाही सुतार. गाव केवढं, तर सिग्नल एकच आणि तोही बंद. आजींना इंग्रजी येत नाही, त्याला जर्मन येत नाही. म्हणून मी फुकटचा दुभाषा.

तो पणजोबांचं गाव शोधायला आला होता. वडील नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. त्यांनी पोराला एकच काम सांगितलं होतं, आपलं गाव बघून ये. नाव कागदावर लिहून दिलेलं, 'मूकासॅकल'.

"हे नाव कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पणजोबा काम करताना सारखं म्हणायचे. पोरांनी विचारलं हे काय, की म्हणायचे, हे आपल्या तिकडचं."

चार दिवस दोघं हिंडले. चर्चमधली जुनी रजिस्टरं पाहिली, सरकारी कचेरीत विचारलं. असं गावच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात कॉफी पिताना तो म्हणाला, "उद्या विमान आहे. बाबांना काय सांगू?" बायकोनं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हटलं, "तो कागद ठेव बाजूला. बाबा तोंडानं कसं म्हणतात, तसं म्हण."

"बाबा तर पणजोबांची नक्कलच करायचे."

म्हणजे खानदानात आमच्या नकलाकारांच्या जातकुळीचा एक माणूस निघाला! मी सरसावून बसलो. त्यानं एक डोळा मिटला, टेबलाच्या कडेवरून नजर लावली, अंगठ्यानं बशी जराशी सरकवली आणि जाड आवाजात म्हणाला, "नो अ मुगेसेगेले."

मी ताडकन उठलो. हे तर माझं हुकमी वाक्य! शनिवारी मराठी पोरं जमली की मी आजींची नक्कल करतो, त्यातलं. आजी नळाखाली भांडी धूत होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मी डाव उचलला, कंबरेवर हात ठेवला, ओठांचा चंबू केला आणि सूप चाखल्यासारखं करून हुबेहूब आजींच्या आवाजात म्हणालो, "नो अ मुगेसेगेले मीठ!"

नळ बंद झाला. आजी वळल्या. हे मात्र ऐकू गेलं होतं.

पण आधी अर्थ. मुगेसेगेले म्हणजे अगदी इवलंसं, आणि 'नो अ' म्हणजे अजून एक. इकडची माणसं मीठ टाकताना, फळी सरकवताना म्हणतात. शब्दशः म्हणजे माशीचं, नर माशीचं... बायको समोर बसलेली. मी म्हटलं, "दॅट थिंग." दोघं खो खो हसले. माझे मामा सुतार आहेत, तेही "सूतभर सरकव" म्हणतात. सूत हे कुठलं गाव, असं त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

हसता हसता त्यानं तो कागद पुन्हा हातात घेतला. "म्हणजे गाव नाहीच."

तिकडे सकाळ झाली होती. त्यानं फोन स्पीकरवर लावला. "बाबा, ते गाव नव्हतं हो. नुसता शब्द आहे."

तिकडून बारीक आवाज आला, "मग आपण कुठले?"

आजींनी मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. त्यांनी ओले हात एप्रनला पुसले, फोनवर वाकल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडल्या, "नो अ मुगेसेगेले!"

पलीकडून त्याच चालीत, हळू, "नो अ मुगेसेगेले."

"सांग त्यांना," आजी म्हणाल्या, "आमच्या इकडचेच आहेत. असं दुसरीकडे कुणी म्हणत नाही."

मी सांगितलं. म्हातारबाबा म्हणाले, "बघ. आजोबा खरंच सांगत होते, आपल्या तिकडचं." सुतार उगाच ती बशी सरळ करत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांची टॅक्सी गेली आणि आजींनी दार लावलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"माझा आवाज."

"दोन वर्षं."

"लोकांसमोर?"

"आपलीच पोरं आहेत हो आजी. आठ-दहा."

"आठ-दहा! खोली भाड्यानं दिली होती तुला, आवाज नव्हता दिला. आणि मी अशी कंबरेवर हात ठेवून उभी राहते? अशी? शिवाय तो 'ले' इतका ओढायचा नसतो. तो म्हातारा जन्मात इकडे आला नाही, त्याला बरोबर जमलं. तू दोन वर्षं माझं सूप ओरपतोस आणि तुझं अजून चुकतंच! उभा काय राहिलास? म्हण पुन्हा!"